लिफ्टला पाटी, स्लॅबला नाही

ठाण्यात किंवा डोंबिवलीत कुठल्याही सोसायटीच्या लिफ्टमध्ये शिरा, आत एक पाटी असतेच: 6 व्यक्ती, 408 किलो. माणशी 68 किलो धरून काढलेला हा आकडा लोक निमूटपणे पाळतात. सातवा आत आला की कुणीतरी बाहेर पडतो, वाद होत नाही. लिफ्टमधून बाहेर आल्यावर मात्र ज्या फरशीवर पाय पडतो ती किती वजन पेलते, हे त्या इमारतीत कुठेच लिहिलेले नसते. भाडेकरूला ते कुणी सांगत नाही, आणि विचारलेच तर घरमालकालाही सांगता येत नाही. तरी जड सामान आणू नये हा नियम आहे, लेखी आहे आणि साठ वर्षांचा जुना आहे. तो योग्यच आहे. पण तो भलत्याच माणसाला सांगितला जातो आणि त्यात आकडा नसतो. या दोन उणिवांमुळे जो नियम इमारत वाचवण्यासाठी आहे, त्याचा उपयोग फार तर डिपॉझिट कापण्यापुरता उरतो.

मूळ कलम कुठले ते आधी पाहू. बिल्डरकडून घर घेताना जो करार होतो त्याचा नमुना महाराष्ट्रात सरकारनेच ठरवून दिला आहे. बिल्डरांच्या फ्लॅटविक्रीसाठी असलेल्या 1963 च्या मोफा कायद्याखाली 1964 मध्ये नियम झाले, त्यांना जोडलेला नमुना पाच हा तो करार. पुढे स्थावर मालमत्तेचा रेरा कायदा आला आणि 2017 च्या महाराष्ट्राच्या नियमांतल्या नमुना करारातही हेच कलम जवळपास जसेच्या तसे उतरले. घर घेणारा त्यात कबूल करतो की घातक किंवा ज्वालाग्राही माल तो घरात साठवणार नाही, इमारतीच्या बांधकामाला इजा होईल इतका जड मालही साठवणार नाही, आणि जड बोजे वर नेताना जिना, वाटा आणि इमारतीचे इतर भाग यांची काळजी घेईल. त्याच्या हयगयीने नुकसान झाले तर भरपाईही तोच देईल. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या हजारो फ्लॅटमालकांनी या कलमाखाली सही केली आहे. किती जणांनी ते वाचले, हा प्रश्न वेगळा. पुढे तोच मालक आपला फ्लॅट अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर देतो, तेव्हा त्या नव्या करारात हे कलम सहसा येत नाही. तिथे बांधकामात फेरफार करू नये, घर राहण्यासाठीच वापरावे, मालकाला पाहणी करू द्यावी, मुदत संपली की रिकामे करावे, अशा ओळी असतात. म्हणजे वजनाचे वचन दिले एकाने आणि सामान आणतो दुसरा. ज्याने वचन दिले तो बऱ्याचदा त्या इमारतीत राहतही नाही.

आता 'इतका जड' म्हणजे किती? बांधकामशास्त्रात याला उत्तर आहे आणि ते गुपित नाही. इमारतीवर येणाऱ्या भारांसाठी आयएस 875 हे भारतीय मानक आहे, त्याचा दुसरा भाग 1987 चा. राहत्या घरातल्या खोल्या आणि स्वयंपाकघर यांच्यासाठी त्यात दर चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 200 किलो भार धरायला सांगितला आहे. आपल्या सवयीच्या मापात दर चौरस फुटाला साधारण 19 किलो. दहा बाय दहाच्या खोलीला सगळे मिळून 1,900 किलोच्या आसपास. स्लॅबचे, भिंतींचे, मूळ फरशीचे वजन यात नाही, ते वेगळे मोजलेले असते. हे 1,900 किलो माणसे, पलंग, कपाट, फ्रीज आणि पाहुणे यांच्यासाठी आहेत, आणि साध्या संसाराला ते भरपूर होतात. गणपतीत दिवाणखाना भरून माणसे आली तरी एका चौरस मीटरवर तिघे मोठे उभे राहावेत इतकी दाटी झाल्याशिवाय हा आकडा गाठला जात नाही. तेव्हा पुस्तकांच्या कपाटाने घर पडेल म्हणून भाडेकरूला घाबरवणारा मालक आणि त्यामुळे घाबरणारा भाडेकरू, दोघांचेही गणित कच्चे आहे. पुस्तके जड असतात हे खरेच. मानकातही ग्रंथालयाच्या पुस्तकांनी भरलेल्या खोलीसाठी 2.2 मीटर उंचीपर्यंत 600 किलो धरले आहेत, घराच्या तिप्पट. पण ते रांगांमागे रांगा लावलेल्या मांडण्यांसाठी. भिंतीलगतच्या एका कपाटाचे ओझे स्लॅब आजूबाजूच्या मोकळ्या जागेवर वाटून घेतो. 2017 चे साहित्य संमेलन भरवणाऱ्या डोंबिवलीला तेवढा दिलासा पुरे.

घाबरायचे कशाला, तर जे जड दिसत नाही त्याला. जुन्या फरशीवर नवी फरशी बसवण्याचे उदाहरण घ्या. फोडाफोडीचा आवाज नको, धूळ नको, म्हणून आहे त्या लादीवरच मसाला पसरून वर नवी लादी लावतात. 20 मिलिमीटरचा संगमरवर चौरस मीटरला 54 किलो भरतो, त्याखालचा 50 मिलिमीटर मसाला आणखी 100 किलो. झाले 150 च्या वर. माणसांसाठी आणि सामानासाठी ठेवलेल्या 200 किलोंपैकी तीन चतुर्थांश एकाही वस्तूशिवाय आणि कायमचे खर्च झाले. तीच गत सिमेंटच्या गोण्यांची. 50 किलोच्या वीस गोण्या कोपऱ्यात दोन थप्प्यांत रचल्या तर अर्ध्या चौरस मीटरवर एक टन उभा राहतो. हमालाला तसे रचणे सोयीचे असते, खोलीचा बाकी भाग कामाला मोकळा राहतो. शेजारी वाळू आणि फोडलेल्या लाद्यांचा राडारोडा पडलेला असतो, 'उद्या टेम्पो येईल' या भरवशावर. पाण्याचे तसेच आहे. एक लिटर म्हणजे एक किलो, हे शाळेत शिकलेले ज्ञान पाणीकपातीच्या दिवसांत कुणाला आठवत नाही. 200 लिटरचे निळे पिंप जेमतेम दोन फूट व्यासाच्या जागेवर उभे असते. मानक घरातल्या फरशीवर एका फुटाच्या चौकोनात एकवटलेला भार 180 किलोच धरते, म्हणजे एक पिंप सीमेवर आहे आणि ओळीने चार पिंपे हा विचार करण्याचा विषय आहे. ती ठेवली जातात बाल्कनीत. बाल्कनीसाठी मानक 300 किलो धरते हे खरे, पण बाल्कनी एकाच बाजूने धरलेली असते. तिला तोलणाऱ्या सळया स्लॅबच्या वरच्या अंगाला असतात, आणि पाणी मुरते तेही वरूनच. ग्रिल लावून बंद केलेल्या, वॉशिंग मशीन, कुंड्या आणि पिंप यांनी भरलेल्या जुन्या बाल्कनीत नेमकी तीच सळई गंजत असते. खालून पाहणाऱ्याला गिलावा शाबूत दिसतो.

कायद्याच्या भाषेत वजन कुठे येत नाही असे वाटते, पण ते वापराच्या आडून येते. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 108 सांगते की भाडेकरूने जागा स्वतःची असल्यासारखी शहाणपणाने वापरावी आणि ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 16 मध्ये या कर्तव्याचा भंग हे जागा खाली करून घेण्याचे एक कारण मानले आहे. वरवर पाहता हा भाड्याच्या दराचा आणि शेजाऱ्यांच्या त्रासाचा मामला वाटतो. मानकाचे कोष्टक शेजारी ठेवा, म्हणजे त्यातले वजन दिसू लागते. घराला 200 किलो, शाळेच्या वर्गाला 300, सामान ठेवायची वेगळी खोली नसलेल्या कार्यालयाला 400, गोदामाला किमान 750. दोन बीएचके फ्लॅटमध्ये शिकवणीचे वर्ग सुरू झाले की त्या स्लॅबकडून दीडपट अपेक्षा होते. तिथे कुरिअरचा, कापडाचा किंवा किराणा मालाचा साठा आला की जवळपास चौपट. करारातली 'फक्त राहण्यासाठी' ही ओळ म्हणजे आकडा न लिहिलेले वजनाचे कलम आहे. ते तसे वाचले जात नाही, कारण ते तसे लिहिलेले नाही.

ही भीती कागदी नाही, याचे पुरावे याच पट्ट्यात आहेत. 29 एप्रिल 2023 ला भिवंडी तालुक्यात वळपाडा इथल्या वर्धमान कंपाऊंडमधली इमारत कोसळली आणि आठ जण गेले. तिथे गोदाम आणि राहती कुटुंबे एकाच इमारतीत होती, शिवाय गच्चीवर मोबाइलचा मनोरा उभा होता. 20 मे 2025 ला कल्याण पूर्वेत सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचे काम चालू असताना स्लॅब कोसळला, खालचे मजले फोडत तळापर्यंत गेला आणि सहा जणांचा बळी घेतला. गुन्हा दाखल झाला तो काम करवून घेणाऱ्या फ्लॅटमालकावर. शेजारच्या उल्हासनगरात 28 मे 2021 ला साईशक्ती इमारतीत असाच वरचा स्लॅब थेट खाली आला, सात जण दगावले. वरचा स्लॅब खालच्यावर पडतो तेव्हा खालच्यासाठी तो अचानक आलेला, हिशेबात कधीच नसलेला बोजा असतो. त्यामुळे एका घरातले वजन हा त्या घरापुरता प्रश्न राहत नाही. आणि मुंबईतल्या डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मार्केटची इमारत तर खास आपल्या विषयाची. ती महापालिकेची, वर राहत होते महापालिकेचेच कर्मचारी, आणि तळमजल्याचे गोदाम एका डेकोरेटरला भाड्याने दिलेले. तिथे परवानगी न घेता पोटमाळा आणि तोडफोड झाल्याचा ठपका आला. 27 सप्टेंबर 2013 ला पहाटे ती पडली, 61 माणसे मेली. घरमालक साक्षात महापालिका असूनही भाडेकरूने आत काय केले आणि काय भरले याचा पायबंद करारातून होऊ शकला नाही.

यावर पहिला आक्षेप वाचकाच्या ओठावर असेल, आणि तो वजनदार आहे. इमारती कपाटांनी आणि पिंपांनी पडत नाहीत, त्या निकृष्ट बांधकामाने, खाऱ्या रेतीने, गळतीने आणि न केलेल्या दुरुस्तीने पडतात. 2015 च्या पावसाळ्यात ठाकुर्लीची मातृछाया आणि आठवड्याभरातच नौपाड्याची कृष्णा निवास कोसळली, अनुक्रमे नऊ आणि बारा जण गेले. त्या पडण्याला कुणा भाडेकरूचे सामान कारण होते असे कुणी म्हटले नाही. मग गरीब भाडेकरूच्या संसारावर वजनकाटा कशाला? आक्षेपातले निदान बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. आयएस 456 प्रमाणे आखलेल्या इमारतीत भार दीडपट धरून हिशेब करतात आणि काँक्रीटची ताकद कागदावरच्या आकड्याच्या दीडपटीने कमी धरतात. ही शिल्लक ठेवलेली असते माणसाच्या चुकांसाठी आणि न दिसणाऱ्या दोषांसाठी. खाडीच्या दमट हवेत तीस वर्षे गंजलेल्या इमारतीत ती शिल्लक आधीच खर्च झालेली असते. चांगल्या इमारतीत गोण्यांची थप्पी केवळ नियमभंग ठरते, वाईट इमारतीत तीच थप्पी शेवटची काडी ठरू शकते. बांधकाम वाईट आहे म्हणून वजनाचा विचार सोडायचा, हे तर्कशास्त्र उलटे आहे. ज्या इमारतीवर भरवसा कमी तिथेच तो जास्त करायला हवा.

दुसरा आक्षेप भाडेकरूंच्या बाजूचा, आणि मला तो पहिल्याहून गंभीर वाटतो. वजनाचे कलम भाडेकरारात घातले की ते मालकाच्या हातातले हत्यार होईल. आज मांसाहार, आडनाव, एकटी मुलगी ही घर नाकारण्याची कारणे आहेत, उद्या ट्रेडमिल आणि हार्मोनियमची पेटीही होईल. घर सोडताना भिंतीवरची जुनी भेग दाखवून डिपॉझिट अडवले जाईल. हे होईलच, जोवर कलमात 'जड' हे विशेषण आहे. आकडा आला की विशेषणाचा जोर जातो. कॅलिफोर्नियात पाण्याच्या गाद्यांचा असाच वाद होता. शेकडो लिटर पाण्याने भरलेली गादी पाहून घरमालक सरसकट नकार देत. तिथल्या दिवाणी संहितेच्या कलम 1940.5 ने तोडगा काढला: 1 जानेवारी 1973 नंतर वापराचा दाखला मिळालेल्या इमारतीत केवळ गादी पाण्याची आहे म्हणून घर नाकारता येणार नाही, मात्र भाडेकरूने विमा काढावा आणि गादीचा भार त्या मजल्याच्या पेलण्याच्या क्षमतेत बसला पाहिजे. बंदी गेली आणि तिच्या जागी मोजमाप आले. शिवाय जुन्या इमारतींना त्या सक्तीतून वगळले. आकडा दोघांना बांधतो: भाडेकरूने तो ओलांडायचा नाही आणि मालकाने तो आधी सांगायचा. ज्याने आकडा सांगितलाच नाही, त्याने वजनाच्या नावाखाली एक रुपयाही कापू नये, असे भाडेकरारातल्या त्याच कलमात लिहिता येते.

पण आकडा आणायचा कुठून? इथे ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीची खरी अडचण आहे. नव्या संकुलात तो आरसीसी सल्लागाराच्या नकाशावर असतो, सोसायटीने बिल्डरकडून तो कागद मागून घेतला तर मिळतो. जुन्या इमारतींचे नकाशे हरवलेले असतात, आणि काहींचे मुळात नव्हतेच. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतल्या 65 इमारतींनी तर बनावट परवानग्यांवर रेरा नोंदणी मिळवली, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तिथला स्लॅब कुठल्या हिशेबाने टाकला, हे कोणता कागद सांगणार? तरीही मार्ग पूर्ण बंद नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265-अ ने तीस वर्षे झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी बंधनकारक केली आहे. अभियंता येतो, हातोड्याची चाचणी करतो, काँक्रीटचे नमुने काढतो आणि अहवाल देतो. त्यावरून इमारत सी-1, सी-2ए, सी-2बी की सी-3 हे ठरते: पाडायची, रिकामी करून दुरुस्त करायची, राहते ठेवून दुरुस्त करायची की किरकोळ डागडुजी करायची. या वर्गवारीतून पालिकेला कळते की नोटीस कुणाला द्यायची. रहिवाशाला मात्र कळत नाही की आज रात्री घरात काय ठेवावे. त्याच अहवालात कोणत्या भागावर दर चौरस मीटरला किती किलो चालतील आणि कोणत्या बाल्कनीत काहीच ठेवू नये, एवढ्या दोन ओळी लिहायला अभियंत्याला वेगळी यंत्रणा लागत नाही. सी-2 मधल्या इमारतीत भाडेकरू ठेवणाऱ्या मालकाने तो कागद करारालाच जोडावा, अशी अपेक्षा जगावेगळी नाही.

पाटी लावण्याची कल्पनाही काही नवी नाही. आयएस 875 च्या त्याच दुसऱ्या भागात ती आहे. 300 किलोहून जास्त भारासाठी आखलेल्या मजल्यांवर, तसेच दुकाने, कचेऱ्या, कारखाने आणि गोदामांत, मजला किती भारासाठी आखला आहे हे सांगणारी कायमची पाटी ठळक जागी लावावी, ती किमान पाव मीटरची असावी, जमिनीपासून दीड मीटरपेक्षा खाली नसावी आणि तिच्यावरची अक्षरे किमान 25 मिलिमीटरची असावीत, इतके बारकावे त्यात आहेत. राहती घरे या तरतुदीतून सुटली, कारण घरात घरगुती सामानच येणार असे 1987 मध्ये गृहीत धरले होते. ते गृहीतक आता टिकत नाही. तळमजल्याला दुकान, पहिल्यावर क्लास, दुसऱ्यावर ऑनलाइन विक्रीचा साठा आणि तिसऱ्यावर संसार, ही डोंबिवली स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावरची नेहमीची इमारत आहे.

उरतो व्यवहाराचा आक्षेप: वजन करणार कोण? कपाटे तोलायची कुणालाच गरज नाही. मर्यादा गाठणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत: पाण्याच्या टाक्या, गोण्यांतला माल, यंत्रे, व्यायामाची लोखंडी वजने, नवी फरशी आणि तिचा राडारोडा. या साऱ्या गेटमधूनच आत येतात, आणि गेटवर सोसायटीची यंत्रणा आधीच उभी आहे. नवा भाडेकरू आला की एनओसी, पोलीस पडताळणी, शिफ्टिंग चार्जेस, लिफ्टला घासू नये म्हणून पुठ्ठे, सगळे रीतसर होते. रंग खराब होईल म्हणून जी समिती टेम्पो थांबवते, तिला गोण्या मोजणे जड नाही. अडचण आहे ती समितीच्या स्वतःच्या वागण्यात. गळती थांबवण्यासाठी गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा चार इंची कोबा टाकायचा ठराव तीच करते, आणि तो चौरस मीटरला 200 किलोच्या घरात जातो, जिथे मानकाने वावरत्या गच्चीसाठी माणसे-सामान मिळून 150 किलोच धरले आहेत. दहा वर्षांनी पुन्हा गळती झाली की जुना कोबा न काढता त्यावर दुसरा थर पडतो. वाढीव टाकी, पत्र्याची शेड आणि भाडे मिळते म्हणून मोबाइलचा मनोरा, यांची परवानगीही तिचीच. या वजनांसाठी भाडेकरूची सही लागत नाही आणि त्याला कुणी विचारतही नाही. म्हणून कराराला जोडायच्या त्या कागदावर फ्लॅटच्या स्लॅबचा आकडा लिहिताना त्याच्या वरच्या ओळीत गच्चीचा आकडा यायला हवा, आणि खाली सोसायटीच्या सचिवाची सही.